‘पटकी!’ म्हणून ओरडलं की झालं

बाई, एक विचारू? : वाचकांची पत्रं, ग्रंथपालबाईंची उत्तरं

गेल्या अंकात ग्रीक लेखक निकोस कझान्झाकिसच्या एका कादंबरीवर मी जेमतेम पानभर लिहिलं होतं. त्यावर आलेली पत्रं मात्र डबाभर आहेत. बिस्किटांचा चौकोनी डबा. पत्रं मी त्यातच ठेवते. इंग्रजीत ही कादंबरी ‘ख्राइस्ट रिक्रुसिफाइड’ आणि ‘द ग्रीक पॅशन’ अशा दोन नावांनी मिळते. पुस्तक एकच. वाचनालयात असताना मी दोन्ही मागवून बसले होते आणि कार्यकारिणीच्या सभेत त्यावरून बरंच ऐकून घेतलं होतं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

ज्यांचा तो अंक हुकला त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. लिकोव्रिसी नावाचं खाऊनपिऊन सुखी ग्रीक गाव. दर सात वर्षांनी ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात गावकरी येशूच्या अखेरच्या दिवसांचं नाट्य करतात. पुढच्या वर्षीच्या खेळासाठी धर्मगुरू ग्रिगोरिस आणि गावचे कारभारी सोंगं वाटून देतात. मेंढपाळ मानोलिओस येशू होणार. गाढवावर माल घालून गावोगाव फिरणारा यान्नाकोस त्याचा शिष्य पेत्र, कॉफीच्या दुकानाचा कोस्तांदिस याकोब, जमीनदाराचा मुलगा मिखेलिस योहान. गावाने ओवाळून टाकलेली विधवा कातेरिना मग्दालीया मरिया. खोगीर शिवणाऱ्या पानायोतारोसच्या गळ्यात येशूला दगा देणारा यहूदा पडतो आणि तो संतापतो. हे होतंय तोवर जळालेल्या दुसऱ्या गावातले निर्वासित येऊन चौकात उभे राहतात. गाव त्यांना हाकलून देतं, आणि ज्यांनी सोंगं घेतलीत त्यांची झोप उडते.

आता पत्रं.

बाई, मी गूगल मॅपवर लिकोव्रिसी शोधलं. अथेन्सजवळचं एक उपनगर दाखवतं. तेच का? आणि ग्रीक गावात तुर्की आगा काय करतोय? — इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, नाशिक

ते नव्हे रे. तुला सापडलं नाही, कारण कादंबरीतलं गाव ग्रीसमध्ये नाहीच. ते आनातोलियात आहे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात. तेव्हा तिथे उस्मानी साम्राज्य होतं आणि ग्रीक बोलणारी ख्रिस्ती गावं तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती. गावावर सत्ता आगाची, म्हणजे तुर्की अंमलदाराची. तो गच्चीवर बसून राकी पितो आणि खाली चाललेली रयतेची धांदल बघतो. त्याला कुणाच्या धर्माशी देणंघेणं नाही, त्याची झोप मोडली नाही म्हणजे झालं.

मे 1919 मध्ये ग्रीक सैन्य स्मिर्नाला, म्हणजे आजच्या इझ्मीरला उतरलं आणि आत आत सरकत गेलं. 1922 च्या सप्टेंबरात त्याचा पार धुव्वा उडाला आणि स्मिर्ना जळालं. जानेवारी 1923 मध्ये लोझानला करार झाला, लोकसंख्येच्या अदलाबदलीचा. सुमारे बारा लाख ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, साडेतीन-चार लाख मुसलमान ग्रीसमधून तुर्कस्तानात गेले. कुणी कुठे जायचं हे भाषेवर ठरलं नाही, धर्मावर ठरलं. क्रीट बेटावरचे मुसलमान घरात ग्रीक बोलायचे, त्यांना तुर्कस्तानात पाठवलं. आनातोलियाच्या कप्पदोकिया भागातले कित्येक ख्रिस्ती तुर्की बोलायचे, तीच तुर्की ग्रीक लिपीत लिहायचे, त्यांना ग्रीसमध्ये. दोघांनाही नव्या गावात गेल्यावर दुकानदाराशी बोलता येईना.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे: ‘परधर्माचे लोक आले तर गाव घाबरणारच.’ पुन्हा वाच. कादंबरीतले निर्वासित परधर्माचे नाहीत. तोच क्रूस, तीच भाषा, तेच सणवार. खऱ्या इतिहासातही तेच झालं. 1923 नंतर ग्रीसमध्ये पोचलेल्या या स्वधर्मीयांना तिथले लोक ‘तुर्कांचं बी’ म्हणायचे. ‘दह्यात बाप्तिस्मा झालेले’ असंही म्हणायचे, कारण त्यांच्या स्वयंपाकात दही फार. आज अथेन्समध्ये नेआ स्मिर्नी, नेआ इओनिया अशी उपनगरं दिसतात ना, नवं स्मिर्ना, नवं इओनिया, ती याच लोकांची. मॅपवर ती शोध, लगेच सापडतील.

प्रिय बाई, आमच्या पॅरिशमधल्या बायकांचा वाचनगट आहे. यंदाच्या उपवासकाळात ही कादंबरी घ्यावी असं आम्ही ठरवलं. एका ज्येष्ठ काकांनी हरकत घेतली: लेखक चर्चने बहिष्कृत केलेला, त्यात धर्मगुरूच खलनायक, पवित्र आठवड्याच्या तोंडावर हे कशाला? आम्ही काय करावं? — एक वाचिका, वसई

काकांचं अर्धं बरोबर आहे. 1954 साली व्हॅटिकनने कझान्झाकिसचं एक पुस्तक निषिद्ध ग्रंथांच्या यादीत घातलं होतं, पण ते ‘द लास्ट टेम्प्टेशन’, हे नव्हे. ती यादीसुद्धा 1966 साली मोडीत निघाली. ग्रीसच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्येही त्याला वाळीत टाका म्हणून गदारोळ झाला, पण रीतसर बहिष्कार पडला नाही. 1957 साली तो वारला. क्रीटमध्ये हेराक्लिओनच्या जुन्या तटावर, बुरुजावर त्याची कबर आहे.

मी वारकरी घरातली, तुमच्या श्रद्धेत मी तोंड घालणार नाही. पण वाचणारी बाई म्हणून सांगते, या कादंबरीत धर्मगुरू एक नाही, दोन आहेत. गावाचा ग्रिगोरिस आणि निर्वासितांबरोबर पायपीट करत आलेला फोतिस. दोघांच्या हातात शुभवर्तमान एकच. काकांना ग्रिगोरिस दिसला आणि फोतिस दिसला नाही, असं माझं म्हणणं.

चौकातला तो प्रसंग तुम्ही गटात मोठ्याने वाचा. धुळीने माखलेली माणसं आलीत. एक शंभरीचा म्हातारा पाठीवर पोतं घेऊन आलाय. त्या पोत्यात दाणे नाहीत, पूर्वजांची हाडं आहेत. नवं गाव वसवायचं तर ती पायाभरणीत घालायची म्हणून जळत्या गावातून त्याने तेवढीच काढून आणलीत. आणि फोतिस मागतो काय? जमीन. तुमच्याकडे पडीक आहे ती द्या, आम्ही कसतो.

मला कादंबरी इथे कळली. नुसती भाकरी मागितली असती तर लिकोव्रिसीने दिली असती. भाकरी दिली की माणसाला पुढच्या गावाची वाट दाखवता येते. दारावर आलेल्याला आपणही ‘पुढे जा बाबा’ म्हणतोच की. जमीन मागणारा राहायला आलेला असतो.

ग्रिगोरिस मला दुष्ट वाटत नाही. तो गांगरलेला वाटतो. त्याच्या डोळ्यांपुढे गावची कोठारं, शेतं, वाटण्या, उद्याची भांडणं सगळं एकदम उभं राहिलं असणार. ‘नाही’ तर म्हणायचंय, पण हजारदा ‘शेजाऱ्यावर प्रीती कर’ सांगितलेल्या तोंडाने म्हणायचं कसं? तेवढ्यात देस्पिनिओ नावाची निर्वासित बाई त्याच्यासमोर कोसळते आणि मरते. भुकेने मरते. ग्रिगोरिस ओरडतो, ‘पटकी! पटकी आली!’ गाव चार पावलं मागे सरतं आणि काम होऊन जातं.

आपल्याकडे पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या साथीत मरीआईचा गाडा काढायचे. माझी आजी सांगायची. हळद-कुंकू, लिंबू, हिरवं लुगडं, सगळा थाट करून गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत ओढायचा आणि पलीकडच्या गावाच्या हद्दीत सोडून मागे न बघता परतायचं. पलीकडचे लोक तो आणखी पुढे ढकलायचे. ग्रिगोरिसने तेच केलं, त्याच्या गाड्यात माणसं होती एवढाच फरक.

आणि क्रम नीट बघा. पटकी दिसली म्हणून त्याने नकार दिला, असं नाही. नकार आधी ठरला होता. कारण नंतर त्याच्या पायाशी येऊन पडलं. तुमच्या गटाला चर्चेला एवढं एक पुरे.

दुसरी जागा यान्नाकोसची. गावातला लादास नावाचा कवडीचुंबक म्हातारा त्याला गाठतो. म्हणतो, ते निर्वासित साराकिना डोंगराच्या गुहांत राहिलेत, बायकांच्या अंगावर काही ना काही डाग असेलच, भुकेल्या माणसाकडून स्वस्तात मिळेल, जा. वर आगाऊ सोन्याची नाणीही देतो. आणि हा, नाट्यात पेत्र होणारा, गाढव घेऊन खरंच निघतो! डोंगरावर पोचतो तर ती उपाशी माणसं नव्या गावाची सीमा आखतायत. इथे वेस, इथे चर्च, इथे शाळा. सगळीकडे नुसते धोंडे. तो शंभरीचा म्हातारा हाडांचं पोतं घेऊन पायाच्या खड्ड्यात उतरतो आणि तिथेच आडवा होतो, मला इथेच पुरा म्हणतो. यान्नाकोस फोतिससमोर रडून सगळं कबूल करतो आणि लादासची नाणी त्याच्या हातात ठेवतो. तुमच्याकडे कन्फेशनचा संस्कार आहे, तेव्हा हे पान तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

सोंगाचं म्हणाल, तर मी कोकणातली, मला दशावतार आठवतो. रंगलेल्या देवाच्या पाया पडणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्यात. आणि त्याच देवाला सकाळी पेटारा घेऊन पुढच्या गावी चालत जातानाही पाहिलंय. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असं आमच्याकडे म्हणतात. सोंग उतरतं, हे दोघांनाही माहीत असतं, नाचणाऱ्याला आणि पाया पडणारीला. लिकोव्रिसीत घोटाळा असा होतो की सोंग चढायच्या आधीच अंगात भिनतं. मिखेलिस बापाच्या कोठारातून चार टोपल्या भरून डोंगरावर नेतो. मानोलिओस लाकडात येशूचा चेहरा कोरत बसतो आणि लग्न ठरलेल्या लेनिओपासून दूर जातो. पुढचं सांगून टाकते, रागावू नका: ते नाट्य कादंबरीत होतच नाही. पवित्र आठवडा उजाडायच्या आधी, नाताळच्या रात्री, गाव मानोलिओसला चर्चमध्ये मारतं. म्हणजे काकांना सांगा, उपवासकाळ नको असेल तर नाताळात वाचू. बघा काय म्हणतात.

लेखकाला निर्वासितांचं जगणं इतकं बारीक कसं ठाऊक? — एक निवृत्त तलाठी, सांगली

थोडं भोगून, थोडं नोकरीतून. 1897 साली क्रीटमध्ये तुर्कांविरुद्ध उठाव झाला तेव्हा याच्या वडिलांनी कुटुंबाला नाक्सोस बेटावर हलवलं. पोरगा चौदा वर्षांचा, परक्या बेटावर फ्रेंच कॅथलिक पाद्र्यांच्या शाळेत. पुढे 1919 साली पंतप्रधान वेनिझेलोसने त्याला लोककल्याण खात्यात वरच्या जागेवर नेमलं आणि काम दिलं ते कॉकेशसमध्ये अडकलेल्या ग्रीकांना परत आणण्याचं. सुमारे दीड लाख माणसं. तुम्ही तलाठी होतात, तेव्हा दीड लाख माणसांना सातबारा कुठून द्यायचा हा प्रश्न तुम्हाला मी समजावून सांगायला नको. त्या मोहिमेवर त्याने बरोबर नेलेल्यांत खाणीतला जुना मुकादम योर्गोस झोर्बास होता. होय, तोच, ज्याच्यावरून त्याने पुढे ‘झोर्बा’ ही कादंबरी लिहिली.

‘ख्राइस्ट रिक्रुसिफाइड’ त्याने 1948 साली फ्रान्समधल्या आंतीब गावी बसून लिहिली. तेव्हा ग्रीसमध्ये यादवी चालू होती, ग्रीक ग्रीकाला मारत होता. पुस्तकात गाव आणि डोंगर एकमेकांवर उठतात त्या पानांना तो वास येतो, असं मला वाटतं. 1957 साली जूल्स दासीनने त्यावर चित्रपट केला, क्रीटमधल्या क्रित्सा गावात. माझ्या मते ठीक आहे, पण पुस्तकाची सर नाही.

बाई, मी मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनिअर आहे. 2015 च्या ऑक्टोबरात आमचं जहाज तुर्कस्तानच्या दार्दानेल्स सामुद्रधुनीकडे चाललं होतं. वॉच संपवून वर आलो तर पाण्यावर नारिंगी ठिपके. कॅप्टनने दुर्बीण दिली. लाइफ जॅकेटं होती, रिकामी. कुणी काही बोललं नाही. तिथल्या बेटांवरच्या लोकांनी होड्यांतून आलेल्या त्या निर्वासितांचं काय केलं? तुमच्या कादंबरीसारखंच का? — एक खलाशी, रत्नागिरी

रिकामी होती हे लिहिलंस, नाहीतर मला पुढचं वाचता आलं नसतं.

तुझी वाट ग्रीसच्या लेस्वोस बेटाच्या आसपासून गेली असणार. त्या बेटाची उत्तर बाजू आणि तुर्कस्तानचा किनारा यांत जेमतेम दहा किलोमीटर पाणी. 2015 या एका वर्षात पाच लाखांवर माणसं त्या एका बेटावर उतरली. सीरियातली, अफगाणिस्तानातली, इराकमधली. बेटाची स्वतःची वस्ती लाखाच्या आत. उत्तरेला स्काला सिकामिनियास नावाचं कोळ्यांचं गाव आहे, चार होड्या, एक झाड, खडकावर इवलंसं पांढरं चर्च. तिथे काढलेला एक फोटो जगभर गेला. तीन म्हाताऱ्या बाकावर बसल्यात, त्यांतली एक परक्या बाळाला बाटलीने दूध पाजतेय, बाळाची आई शेजारी उभी. पुढच्या वर्षी नोबेल शांतता पारितोषिकासाठी बेटवाल्यांचं नाव सुचवलं गेलं, त्यात त्यांच्यातली एक आजी आणि एक कोळी होता.

त्या गावात बऱ्याच घरांची मुळं समुद्रापलीकडची आहेत. आई नाहीतर आजी 1922 साली अशीच होडीतून उतरलेली. स्त्रातिस मिरिविलिस या लेखकाची एक कादंबरीच आहे तिथल्या निर्वासितांवर, ‘मत्स्यकन्या माता’ असं काहीसं नाव होईल मराठीत. ते खडकावरचं चर्च त्याच नावाने ओळखतात.

आता तू विचारलंस म्हणून दुसरी बाजूही सांगते. मार्च 2016 मध्ये युरोप आणि तुर्कस्तानचा करार झाला आणि बेटावर आलेली माणसं बेटावरच अडकली. मोरिया नावाची छावणी तीनेक हजारांसाठी होती; 2020 च्या सप्टेंबरात ती जळाली तेव्हा तिच्यात बारा हजारांवर लोक होते. त्याच वर्षी 1 मार्चला, त्याच बेटावर, थर्मीच्या धक्क्यावर जमलेल्या गावकऱ्यांनी लेकुरवाळ्या बायका बसलेली रबरी होडी किनाऱ्याला लागू दिली नाही. मधे पाच वर्षं गेली होती. हेच लोक फोटोतले का, तर नव्हेत, गाव वेगळं. पण मला दोन्ही गोष्टी एकाच बेटाच्या वाटतात. पाच वर्षांत जेवढं दूध, जेवढ्या चादरी, जेवढी झोप खर्ची पडली, ती भरून द्यायला कुणी आलं नाही, हेही त्यात आहे.

ताईसाहेब, सप्रेम नमस्कार. तुमचा लेख वाचला, पण खेद वाटला. आपल्याकडे असं कदापि झालं नसतं. आमच्या वळिवड्यात पोलंडच्या पाच हजार लोकांना आसरा दिला होता, हे तुम्ही लिहायला हवं होतं. — एक ज्येष्ठ नागरिक, कोल्हापूर

नमस्कार. लिहायला हवं होतं, खरंय. 1943 ते 1948 अशी पाच वर्षं वळिवड्याला पोलिश निर्वासित होते. सुमारे पाच हजार, बहुतेक बायका-मुलं, रशियातल्या छावण्यांतून सुटून इराणमार्गे आलेली. त्यांची शाळा होती, चर्च होतं. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, मी पाहिलाय. त्यातली कित्येक मुलं म्हातारी होऊन पुन्हा वळिवडं बघायला आली. कोल्हापूरकरांनी अभिमान बाळगावा असंच आहे.

पण काका, रागावणार नसाल तर एक सांगते. ती छावणी सरकारांनी आपसांत ठरवून बांधली होती, सुरुवातीला खर्च लंडनमध्ये आसऱ्याला असलेलं पोलिश सरकार करत होतं. बाजारात त्यांच्या पैशाने खरेदी होत होती. कुणाचं शेत गेलं नाही, कुणाच्या विहिरीवर रांग लागली नाही. आणि 1948 ला ते निघून गेले. लिकोव्रिसीला विचारलं गेलं ते वेगळं होतं. पाच हजार जणांनी येऊन तुमच्या पंचगंगेकाठच्या उसातल्या चार-चार सऱ्या मागितल्या असत्या तर काय झालं असतं, ते तुम्हीच मला लिहा. खरंच लिहा, मी छापेन. ‘कदापि’ हा शब्द तेवढा जपून वापरा.

बाई, ओळखलंत का? मी तुमच्या वाचनालयात दुपारी फरशीवर बसून वाचायचे. लेख वाचून विचारावंसं वाटलं. तुम्ही चौकात असतात तर काय केलं असतं? — तुमची जुनी वाचक, चिपळूण

ओळखलं. आणि तू हे का विचारतेस तेही ओळखलं, कारण तुझी मावशी आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायची.

22 जुलै 2021. वाशिष्ठी रात्रीतून चढली. उजाडलं तेव्हा तळमजला पाण्यात होता, आमचा जिना पाचव्या पायरीपर्यंत बुडाला होता. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. मागच्या चाळीतली माणसं पोहत, दोर धरून आमच्या जिन्यात आली. सात जण: एक म्हातारा, तीन बायका, तीन पोरं. एका पोराच्या हातात कुकरचं झाकण होतं. का ते त्यालाही माहीत नसावं.

आमच्या फ्लॅटला बाहेरून जाळीचं सेफ्टी डोअर आहे. दार वाजलं. मी आतलं लाकडी दार उघडलं, जाळीचं नाही. समोर भिजलेली बाई, दातावर दात आपटत होते. तिने काही मागितलंही नव्हतं. मी म्हटलं, ‘मास्क नाही का तुमच्याकडे? ह्यांना दमा आहे हो, कोरोनाचं केवढं भय.’

दमा खोटा नव्हता. कोरोनाही खोटा नव्हता, दुसरी लाट नुकती कुठे ओसरत होती. पण तासाभरापूर्वी माझा भाचा त्याच पाण्यातून त्याच जिन्याने वर आला होता. त्याला मी टॉवेल दिला, गादीवर बसवलं, गरम चहा दिला. त्याला मास्कचं विचारलं नव्हतं. हे मला त्या दिवशी आठवलं नाही. दोन वर्षांनी, कझान्झाकिस पुन्हा वाचत होते तेव्हा, देस्पिनिओ कोसळते त्या ओळीवर आठवलं. पुस्तक मिटून मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच ओटा पुसत बसले.

जिन्यात बसलेल्यांना मी उपाशी ठेवलं नाही हं. गॅस होता, पोहे होते, होते नव्हते ते सगळे केले. साखळी तशीच ठेवून जाळीचं दार विताएवढं किलकिलं करायचे आणि फटीतून बशा, कप एकेक करून बाहेर. चादरीही तशाच दिल्या, गुंडाळी करून. रात्रभर पोराचं खोकणं ऐकू येत होतं आणि दर खोकल्याला मी स्वतःला म्हणत होते, बघ, बरोबर केलंस. माझी आतली खोली रिकामी होती. तिच्यात पुस्तकांचे खोके होते आणि एक पलंग.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर, मी चौकात होते. ओरडले नाही, एवढंच. हळू आवाजात बोलले.

सकाळी पाणी उतरलं. खाली सगळीकडे गुडघाभर चिखल. ती बाई पुन्हा वर आली. सगळे कप-बशा तिने कुठल्यातरी पाण्याने विसळून, कुणाच्यातरी परातीत एकावर एक नीट रचून आणल्या होत्या. वर त्या चादरींची घडी. मी सवयीने साखळी ठेवूनच दार ओढलं. परात काही फटीतून आत येईना. तिने आडवी करून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

साखळी काढावी लागली.